बांधावरून नेलेली भाकरी

त्या गुरुवारी सकाळी उप्पीट खाता खाता आई म्हणाली, "आज दुसऱ्या देशातली भाजी आणूया की."

आम्ही तेव्हा स्लोव्हेनियात राहत होतो, नोव्हा गोरित्सा नावाच्या गावात. माझ्या नवऱ्याची कंपनी यंत्रमागांना लागणारी संगणकप्रणाली तयार करते. ज्या गिरणीत नवे माग बसतात तिथं जाऊन राहायचं, सगळं सुरळीत चालायला लागलं की पुढच्या गावी, असं त्याचं ते वर्ष ठरलं होतं. तो बेळगावातल्या वडगावच्या विणकरांच्या घरातला. मागाच्या खडखडाटात गाढ झोपणारा आणि शांततेत कूस बदलत पडणारा. बेळगावचं घर बंद करून सगळ्यांनीच जायचं असं आम्ही ठरवलं. मी शाळेतून बिनपगारी रजा काढली, लेकीचा अभ्यास घरीच घ्यायचं कबूल केलं, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून निपाणीजवळच्या आमच्या गावी एकटी राहणारी माझी आईही बरोबर आली. "मी येऊन काय करू तितं?" एवढं ती एकदाच म्हणाली. मग स्वतःच जाऊन पासपोर्टसाठी नवं लुगडं नेसून फोटो काढून आली.

आईची देश पाहायची रीत वेगळी होती. किल्ले, चर्च, पुतळे यांच्यासमोर ती नम्रपणे उभी राही, पण डोळे बाजाराच्या दिशेला. पोर्तुगालात तिला कोथिंबीर सापडली आणि तो देश तिच्या लेखी बरा ठरला. तुर्कस्तानात घोळीच्या पेंढ्या विकायला ठेवलेल्या पाहून ती विकणाऱ्या बाईशी मराठीत बोलायलाच लागली होती. इथं, स्लोव्हेनियात, दुकानातल्या भाज्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. तिला ते आवडत नव्हतं. सीमेपलीकडे इटलीतलं जुनं गाव, तिथं भाजीचा बाजार भरतो, हे तिला माझ्या नवऱ्यानं आदल्या दिवशी सांगितलं होतं. गुरुवारी गिरणी कसल्याशा स्थानिक सुट्टीमुळं बंद होती.

"पावणं, चालत जाता येतं म्हनता?" तिनं जावयाला विचारलं.

"येतं मामी. स्टेशनापुढं गेलं की इटलीच."

"मग लांब न्हाय," ती म्हणाली आणि पिशव्या काढायला उठली.

त्या दोन गावांची हकीकत अशी, की पूर्वी ते एकच गाव होतं. महायुद्धानंतर रेघ आखली गेली तेव्हा जुनं गाव इटलीकडं राहिलं, आणि रेल्वे स्टेशन, मागची शेतं, टेकड्या पलीकडं, म्हणजे आताच्या स्लोव्हेनियाकडं, गेल्या. पलीकडच्यांनी मग शेतांत नवं गाव वसवलं. स्टेशनासमोरच्या चौकातून पूर्वी तारेचं कुंपण जात होतं. आता कुंपण नाही. चौकाच्या मधोमध जमिनीत एक गोल चकती बसवलेली आहे आणि फरशीवरून एक रेघ गेलेली आहे, बास. अलीकडं कधीमधी मोठ्या रस्त्यावर पोलीस गाड्या थांबवून कागद बघतात, म्हणून आम्ही पासपोर्ट बरोबर घ्यायचो.

माझी लेक चकतीवर दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून उभी राहिली. "आज्जी, माझा उजवा पाय इटलीत आहे."

आई मात्र रेघेच्या अलीकडंच थांबली. कमरेच्या बटव्यातून तिनं पासपोर्ट बाहेर काढला आणि आजूबाजूला बघायला लागली. चौकात एक बाई कुत्र्याला फिरवत होती. बाकावर दोन म्हातारे उन्हाला बसले होते.

"कुनाला दावायचा?" तिनं विचारलं.

"कुणालाच नाही आई. चल."

"कोन हुबंच न्हाय?"

"नाही."

तिनं पासपोर्ट परत आत ठेवला नाही. तो हातात धरूनच तिनं रेघ ओलांडली, आणि पलीकडच्या रस्त्यावर पहिलं वळण घेईपर्यंत तो तिच्या हातात होता. मला त्याचं हसू आलं होतं. माझ्या नवऱ्यानं तिचा फोटोही काढला.

आम्हाला सीमा नवी नव्हती. मी लहानाची मोठी झाले ते गाव कोगनोळीच्या अलीकडचं, कर्नाटकातलं. पुढं कागल, महाराष्ट्रातलं. निपाणीतनं कोल्हापूरला जाणाऱ्या बसमध्ये बसलं की काही वेळानं पाट्यांची लिपी बदलायची, एवढीच आम्हाला सीमा माहीत. पाट्यांचा विषय आमच्याकडं तसा नाजूक, पण माणसं दोन्हीकडं सारखीच. आईची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, कागलच्या बाजूच्या एका गावात दिलेली. आई तिला आक्का म्हणायची. आई तान्ही असताना आजी आजारी पडली होती, म्हणून आईचं सगळं लहानपण आक्काच्या कडेवर गेलं. आमच्या शेतातनं बांधाबांधानं निघालं की आक्काच्या गावाची टाकी दिसायची. यात्रेला, बारशाला, नुसतं ताक पोचवायलासुद्धा आई तशीच चालत जायची. वाटेत राज्य बदलतं हे मला शाळेत नकाशा शिकताना कळलं.

बाजार एका जुन्या, उंच छताच्या इमारतीत होता. आत शिरल्यावर आईची चालच बदलली. अंजिरं होती, काळी आणि हिरवी. द्राक्षं होती, मातकट रंगाची, देठाला अजून पानं असलेली. गुलाबाच्या फुलासारखा उमललेला लाल पाल्याचा गड्डा होता. तो तिनं उचलून वास घेतला, पान तोंडात टाकलं, आणि "कडू हाय" म्हणून परत ठेवला. विकणारी बाई हसली. मग एका टोपलीसमोर आई थबकली. लांब, फुगीर, गुलाबी ठिपक्यांच्या शेंगा. तिनं एक शेंग नखानं उकलली. आत तसेच ठिपक्यांचे दाणे.

"ह्यो तर घेवडा," ती म्हणाली. "आपल्या मळ्यात असायचा बग, आप्पा हुते तवर."

पिशवी भरून शेंगा घेतल्या. अंजिरं घेतली. चेस्टनट घेतले, कारण लेकीला ते भाजून खायचे होते. मग भूक लागली म्हणून बाजारामागच्या एका लहानशा खाणावळीत गेलो. गुरुवारचं आई मांसमच्छी खात नाही, अंडंही नाही. वेटरनं बराच विचार करून तिला बटाटा आणि चीज एकत्र परतून केलेली एक जाड, खरपूस पोळी आणून दिली, आणि सोबत मक्याच्या पिठाचा शिजवलेला, थापून भाजलेला तुकडा. लेक म्हणाली, पोलेंटा. आईनं तो बोटानं दाबून बघितला.

"मक्याच्या कन्याच की ह्या. वड्या पाडल्यात निस्त्या." पण तिनं सगळं खाल्लं. माझ्या ताटातलंही थोडं घेतलं. वाळवलेल्या मिरचीचा ठेचा असता तर जमलं असतं, असं तिचं मत पडलं, आणि त्यावर आम्हा तिघांचंही दुमत नव्हतं.

दुपार चांगली उबदार होती. आल्या रस्त्यानं परत न जाता सीमेच्या कडेकडेनं चालावं असं ठरलं. नवऱ्यानं फोनमधला नकाशा धरला होता. वस्ती विरळ झाली, घरं बैठी झाली, प्रत्येक घराला परसू. एका घराच्या परसात द्राक्षाच्या मांडवाखाली एक म्हातारी बसली होती. पायाशी टोपली, मांडीवर पसरट भांडं, आणि ती तोच ठिपक्यांचा घेवडा सोलत होती.

आई कुंपणाशी थांबली. आपल्या पिशवीतल्या मूठभर शेंगा काढून तिनं वर धरून दाखवल्या. म्हातारीनं मान वर केली, डोळे बारीक करून बघितलं, आणि हातानं या म्हणाली. असं सगळं घडायला काही शब्द लागले नाहीत, पण आत जाऊन बसल्यावर लागले. लेकीनं माझा फोन घेतला. त्यात एकानं बोलायचं आणि दुसऱ्याच्या भाषेत ऐकायचं अशी सोय असते. म्हातारी फोनकडं झुकून काहीतरी बोलली. फोन एका पुरुषी, सरकारी आवाजात म्हणाला, "आदरणीय पाहुणे, कृपया आसन ग्रहण करा. माझे सूप शिल्लक आहे."

लेक खुर्चीवरून पडायची बाकी होती. आईनं मात्र गंभीरपणे फोनला हात जोडले.

म्हातारीचं वय ऐंशीच्या पुढं असावं. पाय सुजलेले, पण हात चपळ. तिच्या बोलण्यात मध्येच भाषा बदलली की फोन गोंधळायचा. घरात ती स्लोव्हेन बोलायची, दुकानात, दवाखान्यात इटालियन. लहानपणी शाळेत एक, घरात दुसरी. लेकीनं हे आईला समजावून सांगितलं.

"म्हंजे आपल्यागतच," आई म्हणाली. "घरात मराठी, तलाठ्याकडं कानडी."

म्हातारी आत जाऊन वाडगे घेऊन आली. घेवडा, बटाटा आणि आंबवलेला कोबी घालून शिजवलेलं दाट कालवण. योता म्हणतात, असं ती म्हणाली. आईनं माझ्याकडं बघितलं. मी फोनमध्ये विचारलं, यात मांस आहे का. म्हातारी हसली आणि फोन म्हणाला, "डुक्कर फक्त रविवारी." आईनं वाडगा घेतला. पहिल्या घासाला तिचा चेहरा आंबट झाला. मग ती सावकाश खात राहिली. आंबट, थोडं धुरकट, घेवड्याचा गोडसरपणा खाली. मला ते तेव्हा फारसं आवडलं नव्हतं. आता कधीकधी आठवतं.

खाणं झाल्यावर आईनं म्हातारीच्या टोपलीतल्या शेंगा सोलायला घेतल्या. न विचारता. मी तिच्या शेजारी बसले. नवरा आणि लेक परसाच्या टोकाला अंजिराच्या झाडाशी गेले. फोन बाकावर आमच्या मध्ये होता.

माझ्या मनात सहज आलं म्हणून मी विचारलं, इथं कुंपण कुठं होतं. म्हातारीनं शेंगेनंच दाखवलं. परसाच्या पलीकडं, अंजिराच्या झाडामागं, जिथं आता एक पायवाट आणि गवत होतं. तिथंच. ती बोलायला लागली. फोन मागून मागून, तुटक तुटक सांगत होता. तिची आई या घरात, आणि आईची बहीण तिकडं, समोरच्याच शेतात. हाकेच्या अंतरावर. सुरुवातीला तारेशी उभं राहून बोलायलाही बंदी होती. कपडे वाळत घालायच्या निमित्तानं दोघी बाहेर यायच्या आणि एकमेकींना बघून आत जायच्या. मग त्यांची आई, म्हणजे या म्हातारीची आजी, या घरात वारली. मावशीला यायची परवानगी मिळाली नाही. तेव्हा माणसांनी शवपेटी सरळ चर्चकडं नेली नाही. परसात आणली, तारेजवळ, आणि ती तशीच खांद्यावर धरून माणसं थोडा वेळ थांबली. मावशी पलीकडं उभी होती. म्हातारी तेव्हा लहान होती. तिला आठवतं ते इतकंच, की मावशीनं एप्रन काढलं नव्हतं आणि तिचे हात पिठाचे होते.

फोन हे सगळं त्याच सपाट आवाजात बोलला आणि थांबला. आईचे हात शेंगांवर चालू होते. मला वाटलं, तिला नीट कळलं नसावं. मी तिला आपल्या भाषेत पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"कळलं मला," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, मान वर न करता, "मी गेलतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही गेलो, आलो असंच म्हणतात, त्यामुळं शब्दांचं मला काही वाटलं नाही. पण ती कशाबद्दल बोलते आहे हे कळेना.

"कुठं गेलतीस?"

"आक्काच्या मातीला."

मी तिच्याकडं बघतच राहिले. मावशी वारली ती पहिल्या लॉकडाऊनमध्ये. तिला साथीचा आजार झाला नव्हता, ती हृदयाच्या दुखण्यानं घरातच गेली. पण कोगनोळीच्या नाक्यावर बॅरिकेड लागलेले, पासाशिवाय इकडचा माणूस तिकडं नाही की तिकडचा इकडं नाही. मी बेळगावला अडकलेली. त्या दिवशी संध्याकाळी आप्पांचा फोन आला होता. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवत होते: "न्हाय सोडलं. परत आलो. तुझी आई बरी हाय, झोपलीया." आप्पा निवृत्त शिक्षक. नियमाचे इतके पक्के, की रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सायकलवरून हात दाखवून वळायचे. त्या दिवसानंतर आई आक्काबद्दल फारशी बोलली नाही. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून ती आतल्या आत झुरते आहे, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी तर तिच्यासमोर तो विषयच काढायचं टाळायचे.

"आप्पा म्हणाले होते, नाक्यावरनं परत पाठवलं."

"पाठवलंच की," आई म्हणाली. "सकाळी निरोप आला. मी भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं. आक्काला म्हायेरचं दुसरं कोन ऱ्हायलंतं? कडू घास कोन नेनार?"

ज्या घरात माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. पाहुण्यांपैकी कुणीतरी भाकरी-पिठलं घेऊन जातं आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतं. त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात.

"गाडीवरनं गेलो नाक्यावर. आप्पांनी पोलिसाला सांगितलं, सख्खी भन हाय. त्यो पोरगाच हुता, त्याचं तरी काय. हात जोडून म्हनाला, आजी, वरनं आर्डर हाय. आप्पांनी गाडी वळवली. वाटंत येक शब्द बोलले न्हाईत. मी मागं बसून भाकरीचं गठुडं मांडीवर धरलं हुतं. म्हनलं, आता ही घरात कशी न्यायची? मयताच्या नावानं केलेली भाकरी घरात परत नेता येत न्हाय."

म्हातारी आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. फोनला आईची बोली झेपत नव्हती. मधूनच तो एखादं वाक्य स्लोव्हेनमध्ये म्हणायचा आणि म्हातारी कपाळाला आठ्या घालायची. मी तो बंद करायला हात पुढं केला, तर तिनं मानेनं नको म्हटलं.

"मग?" मी विचारलं.

"मग आपल्या शेताचं वळन आलं तसं आप्पांनी गाडी थांबवली. म्या काय म्हनलं न्हवतं. देवाशपत. त्येंनी गाडी बांधाला लावली, खाली उतरले, आन म्हनाले, 'तू जाऊन ये. मी हितं हाय.'"

"आप्पा म्हणाले?"

"व्हय. आनि म्हनाले, उसाच्या सरीतनं जा, रस्त्यानं जाऊ नको."

आई गेली. लहानपणापासूनची वाट तिच्या पायाखालची. ऊन लई होतं, ती म्हणाली, आणि उसाची पानं तोंडाला कापत होती. पोचली तोवर सगळं उरकलं होतं. मोजकीच माणसं स्मशानातून परत येऊन अंघोळी करत होती. आक्काचं तोंड तिला बघायला मिळालंच नाही. माझी मावसबहीण उंबऱ्यात बसली होती. आई मागच्या दारानं आत गेली, तिला उठवलं, भाकरी सोडली, आणि तिच्या तोंडात घास घातला. स्वतः एक खाल्ला. रडायलासुद्धा मोकळं रडता आलं नाही. आवाज झाला असता तर शेजारी आले असते, आणि मग दोन्ही गावांत चौकशी, शाळेत नेऊन चौदा दिवस ठेवणं. ऊन कलायच्या आत ती त्याच वाटेनं परत निघाली.

"मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा कोरडा निघाला.

"आप्पा म्हनाले, कुनाला सांगायचं न्हाय. पोरीलाबी न्हाय. म्हनाले, मी जलमभर पोरांस्नी नियम शिकवलेत, आता ह्ये कसं सांगू? मग मी न्हाय सांगितलं. त्ये गेल्यावर तरी कशाला सांगायचं, असं वाटलं." तिनं शेवटची शेंग सोलली आणि टरफल टोपलीत टाकलं. "आज ह्या बाईनं सांगितलं म्हनून मला सांगू वाटलं."

मी म्हातारीला काय सांगावं याचा विचार करत होते. तिनं बरंच काही ऐकलं होतं, पण तिच्यापर्यंत काय पोचलं कोण जाणे. मी फोनमध्ये शुद्ध मराठीत, हळू बोलले: माझ्या आईची बहीणसुद्धा सीमेच्या पलीकडं राहत होती. ती वारली तेव्हा रस्ता बंद होता. आई शेतातून चालत गेली. जेवण घेऊन.

फोननं ते सांगितलं. म्हातारीनं दोन्ही तळवे मांडीवर ठेवले आणि आईकडं बराच वेळ बघितलं. मग तिनं एकच प्रश्न विचारला. फोन म्हणाला, "जेवणात काय होते?"

"पिठलं-भाकरी," आई म्हणाली. लेक तोवर आमच्यापाशी आली होती. तिनं ते समजावायचा प्रयत्न केला: डाळीचं पीठ, पाणी, तिखट, आणि धान्याची रोटी. म्हातारीनं मान हलवली. त्यांच्याकडं मयताच्या घरी काय नेतात ते तिनंही सांगितलं, पण फोननं त्याला फक्त 'गोड ब्रेड' म्हटलं आणि आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं.

निघताना म्हातारीनं सोललेल्या दाण्यांतले ओंजळभर दाणे आईच्या पिशवीत टाकले. आईनं चार अंजिरं तिच्या भांड्यात ठेवली. परसाला मागचं दार होतं. तिनं तेच उघडून दिलं. अंजिराच्या झाडामागची पायवाट ओलांडली आणि आम्ही स्लोव्हेनियात होतो. या खेपेला आईनं पासपोर्ट काढला नाही. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

वाटेत नवऱ्याला मी सगळं सांगितलं. आई लेकीबरोबर पुढं चालत होती. तो म्हणाला, "आप्पा आपल्या लग्नात मुहूर्ताला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून भटजींना बोलले होते." तेच माझ्याही डोक्यात चाललं होतं. ज्या माणसाला मी ओळखते असं मला वाटत होतं, त्याला बांधावर गाडी उभी करून बायकोला सीमेपलीकडं पाठवताना मला डोळ्यांपुढं आणता येत नव्हतं. आणि एकदा आणता यायला लागल्यावर मग ते जाईना. मला थोडा रागही आला होता, हे खोटं कशाला बोलू. त्या दिवसांत मी बेळगावच्या घरात रात्ररात्र जागून आईची काळजी केली होती. पण कुणावर रागवायचं? एक हयात नाही, आणि दुसरी पुढं चेस्टनट कसे भाजायचे याची लेकीशी चर्चा करत चालली होती.

घरी आल्यावर आई म्हणाली, "आक्काच्या लेकीला फोन लाव."

मावसबहीण व्हिडिओवर आली. तिकडं अंधार पडला होता. ती गोठ्याच्या दाराशी उभी होती. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग आईनं तिला सरळच सांगितलं, "मी हिला सांगितलं. त्या दिवशी आलतो त्ये."

मावसबहिणीनं फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाली, "मावशे, आमास्नी वाटायचं तूच कुनाला सांगत न्हाईस, मग आमी कसं बोलायचं?"

"आमी म्हंजे?"

"सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. तू उसातनं भाईर आलीस तवाच वेशीवरच्या पोरांनी बगितलं. गावात कोन येऊ नये म्हनून बसवलेली पोरं. त्येंनी पाठ केली. शेजारच्या काकूनं आपलं मागचं दार लावून घेतलं, म्हंजे तुला वाट मोकळी ऱ्हाईल. पोलीस पाटलानं तर दुसऱ्या दिवशी मला इचारलं, मावशी नीट पोचली का म्हनून."

आई ऐकत राहिली. इतकी वर्षं तिनं जे जपलं होतं ते सगळ्या गावानं तिच्यासाठी जपलं होतं. तिनं पदरानं डोळे टिपले, पण आवाज नेहमीचा ठेवून विचारलं, "म्हस याली का गं?"

"याली. रेडी झालीया."

फोन ठेवल्यावर ती ओट्यापाशी गेली. घेवडा धुतला, कांदा चिरायला घेतला. मी तिच्याजवळ उभी राहिले. एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती.

"तू जाऊन येईपर्यंत आप्पा तिथंच होते?"

"तितंच."

"एवढ्या उन्हात? काय करत होते?"

"मी इचारलं न्हाय," आई म्हणाली. "पर आलो तवा बगितलं, बांधावरचं सगळं गवात उपटलं हुतं. इळा न्हवता जवळ, हातानंच. आपला बांध झाला, मग त्या पलीकडच्याचाबी." तिनं कांदा तेलात टाकला. "हातास्नी फोड आलते. चार दिस हळद लावत हुतो."